वाडीचा जंप स्टार्ट संच : प्रकल्प नोंदी, देवगड किनारा, पावसाळा २०२५

१४ जून

पावसाळ्यात वाडीतल्या निम्म्याअधिक गाड्या जागच्या हलत नाहीत. मालक मुंबईत, गाडी मांगराच्या पडवीत नाहीतर फणसाखाली ताडपत्री पांघरून. चतुर्थीला चाकरमानी आले की किल्ली फिरते, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात आणि सेल्फ नुसता 'कट' करतो. अशा गाडीला जंप द्यायचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीतून केबलने करंट देऊन ती सुरू करायची; करंट देणारी ती या नोंदींतली 'चालू गाडी'. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. त्याआधी मंडळाच्या खोलीत एक पेटी तयार ठेवायची: तांब्याच्या केबली, मल्टिमीटर, टर्मिनल सफाईचं सामान आणि क्रम लिहिलेलं कार्ड.

बॅटरी उतरते कशी याचा हिशेब आधी. लॉक करून ठेवलेली आजची गाडीसुद्धा २० ते ५० मिलीअँपिअर पीत असते: अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) मेमरी. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-आवर. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-आवरची बॅटरी अशाने महिन्यात रिकामी. २५ धरले तरी महिन्यात निम्मी. थेट बॅटरीवरून वायर ओढलेला जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम असेल तर पंधरवडा पुरे. शिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरते आणि उष्म्यात जास्त वेगाने उतरते.

थंड देशांतल्या माहितीपत्रकांत गोठलेल्या बॅटरीवर पानभर मजकूर असतो. इथे तो सोडून द्यावा. आपला वैरी खारा वारा.

२१ जून

केबलचा निर्णय. दुकानात '५०० अँपिअर', '१००० अँपिअर' असं छापलेल्या केबली मिळतात. त्या आकड्यावर जाऊ नये. वरचं प्लास्टिक बोटाएवढं आणि आतली तार काडीएवढी, असला प्रकार असतो. बघायचं ते तारेचं क्षेत्रफळ.

सेल्फ फिरताना छोटी पेट्रोल गाडी साधारण १०० ते २०० अँपिअर खेचते, डिझेल त्याच्या दुपटीपर्यंत जाते. तीन मीटरच्या दोन केबली म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. २०० अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३.४ व्होल्ट तारेतच जिरतात. १६ च्या तारेत १.३, आणि २५ च्या तारेत ०.८. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ६ ची तार घेतली तर चालू गाडी कितीही दमदार असो, पलीकडे पोचेपर्यंत दम गेलेला असतो. २५ चौरस मिलिमीटर ठरलं. नुसत्या पेट्रोल गाड्यांसाठी १६ चालेल, पण वाडीत डिझेल बोलेरो आहेत.

जम्पर केबल म्हणून विकतात त्यापेक्षा वेल्डिंगची रबरी केबल मीटरवर घेतलेली बरी. बारीक तारांची असते, ओल्यातही मऊ राहते. मात्र वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमचीही. मुलाम्याच्या तारेचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट. ओळखायची सोपी रीत: एक तार ब्लेडने खरवडावी, आत पांढरं दिसलं तर परत द्यावी. दुसरी रीत वजनाची. २५ चौरस मिलिमीटर, सहा मीटर, म्हणजे नुसतं तांबंच १.३ किलोच्या वर भरायला हवं, रबर वेगळं. दुकानातल्या काट्यावर लगेच कळतं.

लांबी तीनच मीटर. मांगरात नाक आत करून लावलेल्या गाडीला ती पुरत नाही, म्हणून सहा मीटरची घ्या अशी सूचना आली होती. नको. लांबी दुप्पट की घटही दुप्पट. गाडी न्यूट्रलला टाकून बाहेर ढकलावी. एएमटी (क्लचशिवायची, आपोआप गिअर बदलणारी) गाडी गिअरमध्ये बंद केलेली असेल तर बॅटरीशिवाय ती न्यूट्रलला येत नाही. तिच्यासाठी वेगळी सोय, पुढे ३ ऑगस्टची नोंद.

२९ जून

केबली तयार. चिमटे घेताना एक गोष्ट हटकून पाहायची: केबल चिमट्याच्या एकाच जबड्याला जोडलेली असते आणि दुसरा जबडा फक्त दाबायला, असे बरेच मिळतात. अशात अर्ध्याच दातांतून करंट जातो आणि चिमटा तापतो. दोन्ही जबडे तांब्याच्या वेणीने जोडलेले घेतले, दात पितळी. टर्मिनलच्या बाजूला टेकणारा जबडा आणि स्प्रिंग दोन्ही ताणून पाहिली. सैल स्प्रिंगचा चिमटा सेल्फच्या धक्क्याने उडतो.

लग (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) २५ चे, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले. हातोड्याने ठोकलेल्या लगमध्ये पोकळी राहते, खारी हवा शिरते आणि वर्षभरात तांबं हिरवं पडतं. त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. लालच्या दोन्ही टोकांना लाल, काळ्याच्या टोकांना काळी. काळ्याच्या एका टोकाला पिवळ्या टेपचे दोन वेढे. तो चिमटा कायम उतरलेल्या गाडीच्या इंजिनला.

तपासणी: साध्या मल्टिमीटरचा ओहम्‌चा पट्टा इतका बारीक विरोध दाखवूच शकत नाही. म्हणून केबलमधून हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब पेटवले, म्हणजे नऊएक अँपिअर. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एका केबलच्या या चिमट्यापासून त्या चिमट्यापर्यंत मोजलं. हिशेबाने १९ मिलिव्होल्ट यायला हवेत, जोडांसकट २०-२५ दिसले तर ठीक. ६०-७० आले तर एखादा लग कच्चा आहे.

६ जुलै

जंप द्यायचा की नाही हे मीटर ठरवतो. गाडी चार-सहा तास बंद असताना बॅटरीच्या दोन खांबांवर मोजायचं. १२.६ किंवा वर: भरलेली. १२.४: पाऊण. १२.२: अर्धी. १२.०: पाव. ११.९ च्या खाली उतरलीच म्हणायची. नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर आकडा फसवा उंच येतो; हेडलाइट दोनेक मिनिटं लावून, बंद करून मग मोजावं.

१२.५ दाखवत असूनही सेल्फ फिरत नसेल तर जंप देऊन उपयोग नाही. दोष टर्मिनल, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये आहे. रात्रभर चार्ज करूनही १०.५ च्या आसपास अडकली असेल तर बहुधा एक सेल शॉर्ट आहे. सहा सेलपैकी एक गेला की दोनेक व्होल्ट जातात. अशी बॅटरी चालू गाडीला जोडली तर तिचाही करंट गिळते.

कानावरून अंदाज येतो. कटकटकट असा भराभर आवाज म्हणजे व्होल्टेज कमी. एकच मोठा 'कट' म्हणजे बॅटरीही असू शकते, सैल टर्मिनलही, सेल्फचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) ही. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत: आधी टर्मिनल हाताने हलवून बघा.

केबल अजिबात लावायची नाही अशा खुणा: बॅटरी फुगलेली, डबा तडकलेला किंवा गळका, सडक्या अंड्यासारखा वास. वरचा 'डोळा' (बॅटरीची स्थिती रंगाने दाखवणारी काच) पांढरट-पिवळट दिसत असेल तर पाणी खाली गेलं आहे; प्लेटा उघड्या पडलेल्या बॅटरीत ठिणगी उडाली तर ती फुटते. डोळा हिरवा म्हणून निर्धास्तही राहू नये, तो सहापैकी एकाच सेलमध्ये डोकावतो.

१३ जुलै

या कामातला सगळ्यात मोठा भाग सफाईचा निघणार असं दिसतं. जंप 'लागत नाही' अशा तक्रारीत करंट बहुतेक वेळा जोडात मेलेला असतो.

एक पाहण्यासारखी गोष्ट. किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचं झाकण ओलसर, किंचित चिकट लागतं. मीटरची काळी पिन ऋण खांबाला लावून लाल पिन प्लास्टिकच्या झाकणावरून धन खांबाकडे सरकवत नेली की आकडा चढत जातो. कोरड्या प्लास्टिकवर काहीच दिसायला नको. झाकणावर ॲसिडची वाफ, मीठ आणि धूळ यांचा थर बसतो आणि त्यातून बॅटरी रात्रंदिवस थेंबाथेंबाने उतरते. ट्रॅकर काढला, अलार्म काढला, तरी बॅटरी उतरतेच असं म्हणणाऱ्यांनी आधी झाकण पुसावं.

सफाईची पद्धत: दहाच्या पान्याने आधी ऋण, मग धन टर्मिनल सोडायचं. हा क्रम उलटा केला तर धन सोडताना पाना बॉडीला टेकून शॉर्ट होतो. पाव लिटर कोमट पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा. जुन्या दात घासायच्या ब्रशने पांढरी-निळसर बुरशी फेस यायचा थांबेपर्यंत घासायची. सोड्याचं पाणी सेलच्या बुचांतून आत जाता कामा नये, ॲसिड मरतं. मग साधं पाणी, फडकं, पूर्ण कोरडं. खांब आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत. लावताना आधी धन, मग ऋण. घट्ट झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली. आधी ग्रीस चोपडून मग टर्मिनल बसवणारे आहेत. ग्रीस करंट नेत नाही.

जपानी घराण्याच्या छोट्या गाड्यांत बॅटरीचे खांब बारीक असतात. तिथे जाड खांबाचं टर्मिनल बसवून मध्ये पत्र्याची पट्टी कोंबलेली दिसते. खाऱ्या हवेत ती पट्टी पहिली सडते. योग्य मापाचं टर्मिनलच घालावं.

अर्थिंगची पट्टी विसरू नये: बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला. सेल्फ मारताना इंजिनचा धातू आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर दिसत असेल तर पट्टी गंजली आहे.

पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंत. विहिरीचं पाणी कितीही गोडं असलं तरी नाही.

२० जुलै

क्रम. यावर वाद फार होतात, म्हणून कारणांसकट.

दोन्ही गाड्या जवळ, पण एकमेकींना न टेकता. हँडब्रेक, न्यूट्रल, दोन्ही बंद. दिवे, पंखा, एसी, गाणी, मोबाइल चार्जर सगळं बंद. उतरलेल्या गाडीची काच खाली आणि किल्ली खिशात: अचानक करंट आला की काही गाड्यांचं सेंट्रल लॉक आपोआप लागतं. बॉनेट उघडून उंदरांचं घरटं बघायचं. पावसात उबेला आलेले उंदीर काथ्या, चिंध्या आणून बसतात आणि वायरिंग कुरतडतात. सोललेल्या वायरीवर सेल्फ मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. हातातलं कडं-अंगठी उतरवावी, चष्मा घालावा.

पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन खांबाला. दुसरा लाल चालू गाडीच्या धन खांबाला. तिसरा, काळा, चालू गाडीच्या ऋण खांबाला. चौथा, पिवळ्या टेपचा काळा, उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या रंग न लावलेल्या जाड धातूला, बॅटरीपासून शक्य तेवढा दूर.

लाल आधी का? काळा आधी जोडला की दोन्ही गाड्यांच्या बॉडी एक झाल्या. मग हातातला लाल चिमटा कुठेही पत्र्याला टेकला तर पूर्ण शॉर्ट. सुरुवात उतरलेल्या बॅटरीपासून का? दुसरं टोक हातात असताना त्यात मेलेल्या बॅटरीचाच क्षीण करंट असतो. शेवटचा काळा बॅटरीवर का नाही? शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. ठिणगी त्या बुचांपासून दूर उडालेली बरी. आणखी एक कारण: स्टार्ट-स्टॉप गाड्यांत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) ऋण खांबावर करंट मोजणारा सेन्सर असतो. चिमटा थेट खांबाला लावला की आलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही.

इंजिनवरची जागा: उचलायचा हूक किंवा जाड ब्रॅकेट. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, पट्ट्याच्या आसपास नाही. बॉडीचा रंगवलेला बोल्ट चालत नाही, रंगातून करंट जात नाही.

मग चालू गाडी सुरू करून हलकी रेस, १५०० ते २००० फेरे. पेट्रोलला पाच मिनिटं, डिझेलला दहा-पंधरा. ही पाच मिनिटं लोकांना जड जातात, पण तेवढ्या वेळात उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि सेल्फचा सगळा भार केबलवर पडत नाही. नंतर सेल्फ पाच सेकंद, फार तर दहा. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं. तीनदा होऊन घेत नसेल तर थांबा. दोष डिझेल-पेट्रोलच्या वाटेत, इमोबिलायझरमध्ये (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेत) किंवा चिमट्याच्या पकडीत आहे. चिमटा खांबावर थोडा फिरवून दात रुतवले की पुष्कळदा काम होतं.

गाडी सुरू झाली की पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावायचा, हेडलाइट नाही. केबल सुटताना व्होल्टेज उसळतं, ते या भारात जिरतं. काढायचा क्रम उलटा: इंजिनवरचा काळा, चालू गाडीचा काळा, चालू गाडीचा लाल, शेवटी उतरलेल्या गाडीचा लाल. काढलेले चिमटे एकमेकांना टेकू देऊ नयेत.

'चालू गाडीतून चार्ज होतेय ना' म्हणून धावत्या इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघणं बंद झालं पाहिजे. जुन्या डायनॅमोच्या काळात खपून गेलं. आता अल्टरनेटरची उसळी थेट ईसीयूत जाते. मीटर लावावा, १३.८ ते १४.५ दिसलं की अल्टरनेटर ठीक.

पाऊस चालू असेल तर १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण ओला चिमटा निसटतो. ताडपत्री धरायची ती उंच, कडा मोकळ्या ठेवून. बॉनेटवर झाकली तर हायड्रोजन आतच कोंडतो.

२७ जुलै

करंट कोणाकडून घ्यायचा. १२ व्होल्टची कार, जीप, पिकअप चालते; देणारी बॅटरी घेणारीएवढी किंवा मोठी असावी. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असेल तर उत्तम. चिऱ्याचा ट्रक, डंपर, एसटी नाही: तिथे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, गाडीची इलेक्ट्रॉनिक्स एका क्षणात जाते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतो असं ड्रायव्हर म्हणतात, करू नये. होडीच्या इंजिनच्या बॅटऱ्यांचंही तसंच, आधी मोजा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीकडून घेऊ नये, तिच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय.

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-आवरची ट्यूबलर बॅटरी अडीनडीला चालते. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, तरी पेट्रोल गाडी उचलते. इन्व्हर्टर बंद करून त्याच्या दोन्ही वायरी सोडायच्या, खिडक्या उघडायच्या आणि गाडी बॅटरीकडे न्यायची. बॅटरी ५० किलोच्या पुढे आणि ॲसिडने भरलेली. ती खळ्यात उचलून आणायचा पराक्रम नको.

३ ऑगस्ट

लिथियम पॅक, म्हणजे दुसऱ्या गाडीशिवाय जंप देणारी लहान बॅटरी, पेटीत घेतला, मुख्यतः मांगरात अडकलेल्या एएमटीसाठी. अटी: निम्म्याहून जास्त चार्ज असल्याशिवाय वापरायचा नाही, सुरू झाली की अर्ध्या मिनिटात काढायचा. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर पॅकला ती दिसतच नाही आणि तो करंट देत नाही. त्यासाठी 'बूस्ट'चं बटण असतं, पण ते दाबल्यावर उलट जोडणीपासूनचं संरक्षणही जातं. तेव्हा धन-ऋण दोनदा बघूनच दाबावं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हा पॅक ठेवायचा नाही.

१० ऑगस्ट

धक्का स्टार्टचा प्रश्न. फक्त हातगिअरच्या गाडीला, दुसऱ्या गिअरवर. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्क्यानेही नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि ईसीयूला करंटच नाही. घाटीच्या उतारावर सोडून बघायचं तर मुळीच नाही. बंद इंजिनवर ब्रेकची मदत दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि खाली वळणावर गडगा असतो.

१७ ऑगस्ट

पेटीच्या झाकणावरचं कार्ड, ठळक अक्षरात, लॅमिनेट करून: 'फुगलेली, गळकी, वासाची बॅटरी? हात लावू नका. देणारी गाडी १२ व्होल्टची? दोन्ही बंद. लाल मेलेलीला, लाल चालूला, काळा चालूला, पिवळ्या टेपचा काळा इंजिनला. चालू गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा, डिझेलला दहा-पंधरा. सेल्फ पाच सेकंद. काढताना उलट. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाणी मारत राहा, मग डॉक्टर.'

३१ ऑगस्ट

सणातल्या वापरावरून सुधारणा. पेटीतून केबलपेक्षा ब्रश आणि दहाचा पाना जास्त बाहेर निघाला. टर्मिनल साफ करून घट्ट केल्यावर जंपची गरजच पडली नाही अशा गाड्या पुष्कळ. दुसरी तक्रार: जंप दिला, बाजारात जाऊन आले, परत बंद. देवळापासून बाजारापर्यंतच्या फेरीत सेल्फने घेतलेलंसुद्धा भरून निघत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरने भरत नाही, ती चार्जरवर लावायची: क्षमतेच्या दहावा भाग करंट, ३५ ला साडेतीन अँपिअर, रात्रभर. वीज गेली तर तेवढे तास पुढे ढकलायचे. उतरलेल्या अवस्थेत आठवडे पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जरही काही करू शकत नाही.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली, गाड्या पुन्हा मुक्कामाला लागतायत. जाणाऱ्यांना सांगितलं: ऋण टर्मिनल सोडून फडक्यात गुंडाळा. सोडण्याआधी काचा वर, डिकी तपासा आणि किल्ली बाहेर ठेवा. काही गाड्यांची डिकी विजेशिवाय उघडत नाही. नंतर घड्याळ आणि काचेची 'ऑटो' सोय पुन्हा लावावी लागते, एवढंच.

केबली गोड्या पाण्याने पुसून सावलीत वाळवल्या. पिवळ्या टेपच्या चिमट्यातल्या वेणीच्या काही तारा तुटल्या आहेत; दिवाळीआधी बदलायची. चार्जर एकच आहे, दुसरा घ्यायचा, आपोआप बंद होणारा.